मुलींची सर्व्हिस, प्लायोमेट्रिक्स आणि आपलं गावाकडचं मैदान

पीटीचा_तास

नमस्कार मंडळी. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी क्रीडा शिक्षक आहे. क्रीडा संकुलात सिमेंटचं एक टेनिस कोर्ट आहे, त्यावर आठवी ते बारावीच्या मुली येतात. शालेय स्पर्धेत जिल्हा निघतो, पण विभागाला अमरावतीला गेलं की पहिल्या-दुसऱ्या फेरीत गाडी अडते. कारण एकच, सर्व्हिस. पळायला या पोरी मागे नाहीत, फोरहँडही बरा आहे. पण सर्व्हिस म्हणजे चेंडू कसाबसा पलीकडे ढकलायचा. समोरची मुलगी दोन पावलं आत येऊन रिटर्न ठोकते, पॉइंट खलास.

हल्ली सगळे सांगतात, प्लायोमेट्रिक्स, म्हणजे झटक्याच्या उड्या-फेकांचे व्यायाम करा, अंगात फिटनेसही येतो आणि सर्व्हिसचा वेगही वाढतो. व्हिडिओ पाहिले तर तिथे लाकडी खोके, रबरी फरशी, मेडिसिन बॉल म्हणजे फेकायचा जड चेंडू. आमच्याकडे काळ्या मातीचं मैदान आणि शाळेचा ओटा. एवढ्यात जमेल का? किती उड्या, किती दिवस? शिवाय पालकांना उत्तर द्यावं लागतं. एका आजींनी परवा तोंडावरच विचारलं, "सर, पोरीच्या जातीले एवढ्या उड्या कायले? पुढं लेकराबाळाच्या वख्ती काही झालं म्हंजे?" मी गप्प बसलो, काय सांगणार?

---

खोखोचा_खांब

सर, नावं विंग्रजी देल्ली म्हणून नवं होत नाही काही. आमच्या बहिणी अंगणात दिवसभर लंगडी खेळत, ते काय होतं मंग? खो-खोत खांबावरून झेपावणं काय होतं? बेडूकउड्या मारा मैदानाला चार चकरा, सर्व्हिस आपोआप येते.

---

वऱ्हाडी_व्हॉली

काका, लंगडीचं तुमचं एकदम बरोबर. बेडूकउड्यांचं साफ चूक. दोन्हींवर येतो, पण आधी सरांना उत्तर देतो. लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

उडीचा सर्व्हिसशी संबंध काय? स्नायू झटकन ताणला आणि लगेच आखडला, तर तो एरवीपेक्षा जास्त जोर काढतो. ताणताना स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या कंडरेत शक्ती साठते, आणि अचानक ताण आला म्हणून मज्जारज्जूकडून स्नायूला आखडण्याचा उलट निरोपही येतो. मध्ये थांबलात की ती साठवण वाया. ताणणं ते आखडणं हा फेरा जलद करायचा, एवढंच प्लायोमेट्रिक्सचं काम. पाय टेकून परत सुटेपर्यंत पाव सेकंदापेक्षा कमी वेळ लागला तर तो जलद प्रकार, उदाहरणार्थ दोरीवरच्या उड्या. गुडघे वाकवून वर झेपावणं हा संथ प्रकार. कोर्टवर फुटवर्कला पहिला लागतो, सर्व्हिसला दुसरा.

सर्व्हिसमध्ये हा फेरा दोन ठिकाणी होतो आणि बहुतेक लोक एकच बघतात. टॉस, म्हणजे मारण्यासाठी हाताने उडवलेला चेंडू, वर जाताना गुडघे वाकतात, मग पाय जमीन ढकलतात. हे सगळ्यांना दिसतं. पण पाय ढकलत असतानाच रॅकेट पाठीमागे खाली पडते, खांदा बाहेरच्या बाजूला मागे वळतो आणि छातीचे, खांद्याच्या पुढचे स्नायू ताणले जातात. तेच स्नायू मग आखडतात, हात आत फिरतो आणि रॅकेट चेंडूवर येते. पाय ढकललेच नाहीत तर खांद्याला तो ताण मिळत नाही, मुलगी नुसत्या हाताने मारते आणि दोन हंगामांत खांदा धरून बसते. चांगल्या खेळाडूंच्या मोजमापात सर्व्हिसच्या एकूण जोरापैकी निम्म्याच्या आसपास वाटा पाय, कंबर आणि धडाचा निघालेला आहे. म्हणून उड्याही हव्यात आणि चेंडूफेकही. नुसत्या उड्यांनी अर्धंच काम होतं.

आता बेडूकउड्या. शाळेत ती शिक्षा असते आणि शिक्षेसारखीच मारली जाते. दमलेली मुलगी, खोल वाकलेले गुडघे, प्रत्येक उडी आधीपेक्षा हळू. त्यातून दम वाढेल फार तर. वेग हवा तर मुलगी ताजी असताना, थोड्या, पूर्ण जोराच्या उड्या. दोन संचांमध्ये मिनिट-दीड मिनिट नुसतं उभं राहू द्या. पोरी गप्पा मारतील, मारू द्या. उड्या सरावाच्या सुरुवातीला, अंग गरम झाल्यावर लगेच. टेनिस खेळून पाय गळाल्यावर मुळीच नाही.

पहिले दोन-तीन आठवडे उडीचं नावच घेऊ नका, उतरणं शिकवा. ओट्याच्या खालच्या पायरीवरून, वीतभर उंची पुरे, पाऊल सोडून खाली यायचं आणि तिथेच थिजायचं. आवाज कमी. गुडघे पायाच्या बोटांच्या रेषेत. मुलींमध्ये गुडघे आतल्या बाजूला एकमेकांकडे पडतात, ते समोर उभं राहिलं की लगेच दिसतं. फुटबॉल-बास्केटबॉलसारख्या खेळांत मुलींच्या गुडघ्यातलं पुढचं लिगामेंट, एसीएल, मुलांच्या मानाने दुप्पट किंवा त्याहून जास्त वेळा फाटतं आणि आत पडणारा गुडघा हे त्यातलं एक ओळखीचं कारण. टेनिसमध्ये हे प्रमाण कमी आहे. पण सराव उड्यांचा करताय ना, मग नियम उड्यांचेच लागू.

उतरणं जमलं की उभ्याने वर उडी, लांब उडी मारून थांबणं, बाजूला एका पायावर उडी, दोरी. आठवड्यातून दोनदा, मध्ये किमान दोन दिवस. नवशिक्या प्रौढ खेळाडूला एका वेळी 80 ते 100 वेळा पाय टेकणं अशी पुस्तकी मर्यादा असते. आठवी-नववीच्या मुलींना मी 40-50 वरच थांबवतो. आणि काका, लंगडीचा मुद्दा इथे येतो. लंगडी हे अस्सल एकपायी प्लायोमेट्रिक्सच आहे, पण धरणारी मुलगी एका डावात सहज शंभरच्या वर टप्पे घेते, तेही एकाच पायावर. ज्या दिवशी लंगडी किंवा खो-खोचा सामना, त्या दिवशी वेगळ्या उड्या नाहीत. आपल्याकडे एकच मुलगी चार खेळांत असते, मोजायचं कोणीच नाही, मग नडगी दुखायला लागते.

उंच खोक्यावरून खाली येऊन लगेच परत उसळायचं, ती डेप्थ जंप विसरा. सोव्हिएत प्रशिक्षक युरी वेरखोशान्स्की यांनी 1960च्या दशकात ती पुढे आणली, पण आधीच वर्षानुवर्षं ताकद कमावलेल्या खेळाडूंसाठी. व्हिडिओत भारी दिसते म्हणून सगळे तीच आधी करतात.

---

टेनिसची_आई

व्हॉली सर, आमच्या आर्वीला पण हीच गत. मैदानाचं सांगा ना. उन्हाळ्यात काळ्या मातीला एवढ्या भेगा पडतात की पाऊल आत जातं. पावसाळ्यात बुटाला किलोभर चिखल.

---

वऱ्हाडी_व्हॉली

ताई, भेगाळलेल्या जमिनीवर एकही उडी नको, घोटा गेलाच म्हणून समजा. सिमेंटच्या कोर्टावर दोरी आणि छोट्या उड्या चालतात, पण सगळंच तिथे नको. सगळ्यात बरा पर्याय म्हणजे दाबलेल्या मुरमाचा सपाट पट्टा. ट्रॉलीभर मुरूम टाकून, पाणी मारून, धुम्मस चालवून दहा-बारा पावलांचा पट्टा गावातच होतो. कुस्तीचा आखाडा असेल तर उतरणं शिकायला उत्तम. मात्र मऊ माती शक्ती पिऊन घेते, पाय जास्त वेळ टेकून राहतो, म्हणून जलद उड्यांना आखाडा उपयोगाचा नाही. आणि बूट टेनिसचेच. पळायच्या बुटांची टाच उंच आणि मऊ असते, बाजूला उतरताना पाय मुरगळतो.

---

फिजिओ_परतवाडा

सर, त्या आजींसाठी उत्तर माझ्याकडून घ्या.

उड्यांमुळे गर्भाशय सरकतं, पुढे मूल होत नाही, याला वैद्यकीय आधार नाही. उलट या वयात उड्यांचा मार बसला की हाडं घट्ट होतात, आणि किशोरवयात कमावलेलं हाड म्हातारपणी कामी येतं. आजींना त्यांच्याच कंबरेच्या दुखण्यावरून समजावलं तर पटेल.

पण एक गोष्ट खरी आहे आणि ती कोणी बोलत नाही. उड्यांच्या खेळांतल्या बऱ्याच मुलींना उतरताना थेंबभर लघवी होते. मुलगी सरांना कधीच सांगणार नाही, ती उड्यांच्या दिवशी पोट दुखतंय म्हणून घरी राहील. अशी मुलगी नेमकी त्याच दिवशी गैरहजर दिसली तर एखाद्या बाईंना बोलायला सांगा. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम असतात, बहुतेक वेळा फरक पडतो. उडी मारायच्या आधी लघवीला जाऊन येणं ही साधी सोय, पण संकुलात मुलींच्या स्वच्छतागृहाला कुलूप असेल तर तेही नाही. ते कुलूप आधी उघडा, मेडिसिन बॉल नंतर आणा.

पाळीत उड्या बंद करायची गरज नाही. दुखत असेल तर कमी, तिचं तिने ठरवायचं. पाळी नियमित येत होती आणि आता तीन महिने आलीच नाही, असं झालं तर मात्र खाणं कमी पडतंय का ते बघा आणि डॉक्टरकडे पाठवा. सराव वाढला आणि ताट तेवढंच राहिलं की शरीर आधी पाळी थांबवतं, मग हाडं कुरतडतं.

रक्ताचंही बघा. 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय निघाला होता. तुमच्या कोर्टावर नऊ मुली असतील तर हिशोब करा. धापा टाकणारी मुलगी आळशी नसते. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी खिशात जाते की पोटात, एवढं विचारा. सोबत फुटाणे, भुईमुगाचे दाणे, जवसाची चटणी, आणि जेवणात लिंबू पिळलं तर धान्य-भाजीतलं लोह जास्त लागू पडतं. जेवणानंतर लगेच चहा टाळा. व्हॉली सर चहा घेऊन बसायला सांगतात, मुलींनी ऐकू नये.

गुडघ्याच्या वाटीखाली हाडाचा उंचवटा दाबल्यावर दुखत असेल, तर वाढीच्या वयातलं ते नेहमीचं दुखणं. उंची झपाट्याने वाढते त्या काळात, मुलींत साधारण अकरा-बाराच्या आसपास, जास्त दिसतं. उड्या काही आठवडे अगदी कमी करा, मांडीची ताकद चालू ठेवा. गुडघा सुजला, अडकला किंवा चालताना पाय दगा देतो असं ती म्हणाली, तर तेल-मालिशवाल्याकडे नेऊ नका.

---

टेनिसची_आई

स्वच्छतागृहाचं वाचून डोळ्यात पाणी आलं हो ताई. कोणी तरी लिहिलं.

एक माझी भर. हरितालिकेला मुली पाणीही घेत नाहीत, नवरात्रात नऊ दिवस उपास. त्या दिवसांत उड्या ठेवू नका, मुलगी "मला जमेल" म्हणते आणि चक्कर येऊन पडते.

---

संत्र्याची_फोड

मी वरुडची, आता नागपूरला कॉलेजकडून खेळते. उंची 155. सगळे म्हणायचे, बुटकीला सर्व्हिस येत नाही. म्हणून एकदा कागदावर गणित मांडलं.

जाळी मध्यभागी 91.4 सेंटिमीटर. जाळीपासून सर्व्हिस लाइन, म्हणजे सर्व्हिसचा चेंडू जिच्या आत पडायला हवा ती पलीकडची रेषा, 6.40 मीटर; बेसलाइन, म्हणजे कोर्टाची मागची रेषा, 11.885 मीटर. बेसलाइनवरून मधल्या रेषेजवळ अगदी सरळ रेषेत चेंडू मारून तो जाळीला घासून सर्व्हिस लाइनवर पडायचा असेल, तर तो साधारण 2.61 मीटर उंचीवर रॅकेटला लागायला हवा. आणि खेळाडू चेंडू मारते तो साधारण स्वतःच्या उंचीच्या दीडपट उंचीवर. म्हणजे माझा 2.33 मीटर. सपाट जोरदार सर्व्हिस मला भूमितीनेच नाकारली आहे! गुरुत्वाकर्षण थोडं खाली ओढतं म्हणून चेंडू आत येतो, पण वेग वाढवला की ती ओढ लागायला वेळच मिळत नाही आणि चेंडू बाहेर.

सांगायचं हे की उड्यांनी पायात जोर आला आणि तो जोर मुलीने पुढे फेकला, तर डबल फॉल्ट, म्हणजे दोन्ही सर्व्हिस चुकून पॉइंट जाणं, वाढतील. जोर वर जायला पाहिजे, चेंडूच्या पाठीवरून वर घासत, म्हणजे टॉपस्पिन मिळतो आणि चेंडू जाळीवरून जाऊन खाली वाकतो. पाय जमिनीवरून सुटतात ते ढकलण्याचा परिणाम म्हणून. मुद्दाम उडी मारून सर्व्हिस करायला सांगितलं की टॉसचा मेळच बिघडतो. उजव्या हाताची मुलगी डाव्या पायावर कोर्टाच्या आत उतरते, तर एका पायावर उतरून थिजण्याचा सराव डाव्या पायावर जरा जास्त करा.

ॲश्ली बार्टीची उंची 166 सेंटिमीटर होती, 2021चं विम्बल्डन जिंकली आणि तिची सर्व्हिस तेव्हाच्या सर्वोत्तमांत धरली जायची. आपल्याकडे प्रार्थना ठोंबरे बार्शीची, काही महानगरातली नाही, आणि 2014च्या इंचिऑन आशियाई स्पर्धेत सानिया मिर्झाबरोबर दुहेरीत कांस्यपदक. मुलींना ही नावं सांगा.

---

पीटीचा_तास

संत्र्याची फोड, तुझं गणित मी उद्या फळ्यावर मांडणार आहे. गणिताच्या सरांनाच बोलावतो.

आता मेडिसिन बॉलचं सांगा कोणी. आणि फरक पडला हे कळणार कसं? रडार गन तर आमच्याकडे येणार नाही.

---

वऱ्हाडी_व्हॉली

बॉल घरीच होतो. गळका जुना बास्केटबॉल घ्या, छोटी चीर द्या, नरसाळ्याने चाळलेली कोरडी वाळू भरा आणि सायकलच्या पंक्चरचं ठिगळ लावून वरून चिकटपट्टी गुंडाळा. किराणा दुकानाच्या काट्यावर वजन करा. लहान मुलींना एक किलो, मोठ्यांना दोन. पूर्ण भरला तर फार जड होतो, म्हणून वाळू तळाशी आणि उरलेल्या जागेत भुसा. जास्त जड बॉल घेऊन फायदा नाही, फेक मंदावली की व्यायामाचा हेतूच गेला. भिंतीवर आपटू नका, ठिगळ सुटतं. जोडीदाराच्या पुढे मातीत टाकायचा, तिने उचलून परत फेकायचा.

फेका तीनच. दोन्ही हातांनी डोक्यावरून पुढे. बाजूला उभं राहून कंबर वळवत, फोरहँड-बॅकहँडसारखं. आणि गुडघे वाकवून खालून वर, डोक्यावरून मागे. ही शेवटची माझी सगळ्यात आवडती, कारण पायाचा जोर वरच्या दिशेने हातापर्यंत कसा येतो ते मुलीला न समजावता कळतं. प्रत्येकीच्या सहा-आठ फेका, दोन-तीन संच. त्या दिवशी सर्व्हिसही मोजून मारायची. खांदा उड्यांचा, फेकांचा आणि सर्व्हिसचा हिशोब वेगवेगळा ठेवत नाही.

सहा-आठ आठवडे तरी द्या. किशोरवयीन खेळाडूंवरच्या प्रयोगांत आठवड्याला दोनदा करून साधारण एवढ्या काळात उडी, छोटी धाव आणि सर्व्हिसचा वेग सुधारलेला दिसतो. अचूकतेचं तसं नाही, ती कोर्टावरच येते. म्हणून उड्या चालू असताना टोपलीभर चेंडू घेऊन सर्व्हिस मारायचा सराव बंद करू नका.

---

संत्र्याची_फोड

मोजायचं मी सांगते. उडीसाठी भिंत आणि खडू. बोटाला खडू लावून उभ्याने हात वर करून खूण, मग उडी मारून खूण, दोन्हींतलं अंतर.

सर्व्हिससाठी मोबाइलचा स्लो मोशन. साधारण 240 फ्रेम प्रति सेकंद असतो, काहींत 120, सेटिंगमध्ये बघा. मोबाइल जाळीच्या रेषेत, कोर्टापासून शक्य तेवढा लांब, म्हणजे चेंडू लागतो ते आणि टप्पा पडतो ते दोन्ही दिसेल. लागल्यापासून टप्प्यापर्यंतच्या फ्रेम मोजा. 144 फ्रेम आल्या तर 0.6 सेकंद. टप्पा सर्व्हिस लाइनजवळ असेल तर अंतर ढोबळ 18 मीटर. 18 भागिले 0.6 म्हणजे सेकंदाला 30 मीटर, म्हणजे ताशी 108 किलोमीटर. हा सरासरी वेग. टीव्हीवरचा आकडा रॅकेटवरून चेंडू सुटतानाचा असतो, तो जास्तच दिसणार, त्याच्याशी तुलना करून पोरींना नाउमेद करू नका. वीस सर्व्हिस मारा, किती आत पडल्या तेही त्याच वहीत लिहा. वेग वाढला आणि वीसातल्या आत पडणाऱ्या घटल्या, तर स्पिनकडे लक्ष द्या.

---

खोखोचा_खांब

बरं, बेडूकउड्यांचं मागं घेतो. पण लंगडी प्लायोमेट्रिक्स हाय हे लेखी भेटलं, आता तालुक्यात सांगत फिरतो. वेळ कोनता ठेवान सर? एप्रिल-मेत आपल्याकडं 45च्या वर जाते पारा.

---

पीटीचा_तास

काका, उन्हाळ्यात सकाळी सहाला. साडेसातनंतर कोर्ट तापतं, बुटातून चटका लागतो. उड्या आणि फेका मंगळवार-शुक्रवार, आधी पंधरा-वीस मिनिटं, मग टेनिस. मुरमासाठी सरपंचांशी बोललोय, ट्रॉली देतो म्हणाले. स्वच्छतागृहाची किल्ली आता आमच्या बाईंकडे राहील, तेवढं आजच झालं.

एक शंका राहिली. जाळीच्या रेषेत मोबाइल धरायला कोणी उभं केलं तर हात हलतो आणि फ्रेम मोजता येत नाहीत.

---

संत्र्याची_फोड

हातात धरूच नका सर. कुंपणाच्या जाळीला सुतळीने आडवा बांधा, कॅमेऱ्यासमोर तार येऊ देऊ नका. आणि ऊन पाठीमागून हवं, नाहीतर सकाळच्या उजेडात पिवळा चेंडू दिसतच नाही.